भिवाला बक्षीस मिळालेलं पुस्तक



'माझे आवडते पुस्तक' हा निबंध आपण दरवर्षी लिहून घेतो. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आला की फळ्यावर हाच विषय. मग चाळीस वह्यांत चाळीस सारखे निबंध येतात. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, पुस्तकातून काय बोध मिळतो, म्हणून ते मला खूप आवडते. ते पुस्तक वाचताना त्या लेकराला स्वतःच्या घरातलं, गल्लीतलं काय आठवलं, हे कुठंच सापडत नाही. आपणही ते विचारत नाही.

यावर मला एक उदाहरण सांगायचं आहे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. बाबासाहेबांचं वाचन किती अफाट होतं हे आपण जयंतीला मुलांना सांगतोच. 'अठरा अठरा तास अभ्यास' हे वाक्य तर आता भाषणांत पाठ झालेलं आहे. पण ते एखादं पुस्तक वाचत होते म्हणजे नेमकं काय करत होते, हे सांगायचं राहून जातं. ते समजायला त्यांच्या घरापासून सुरुवात करावी लागते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू येथला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवायचेही. म्हणजे आपल्याच पेशातला माणूस. घराणं कबीरपंथी. आई भीमाबाई लवकर गेल्या. पुढे मीरा आत्याने लेकरं सांभाळली. या घरात रोज रात्री वाचन व्हायचं. रामजीबाबा दोन्ही मुलांना, म्हणजे भीमाला आणि त्याच्या मोठ्या भावाला, झोपण्याआधी रामायण-महाभारताचा काही भाग मोठ्याने वाचायला लावत. ऐकायला बहिणी असत, शेजारपाजारची माणसंही कथा ऐकायला येऊन बसत. हे काही चार दिवसांचं हौसेचं काम नव्हतं, कित्येक वर्षं चाललं. आज आपण ज्याला प्रकट वाचन म्हणतो, त्याचा इतका सराव आपल्या किती मुलांना मिळतो?

दिवसा मात्र वेगळं होतं. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा वर्गात इतरांपासून लांब, घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचा. शाळा सुटली की ते गोणपाट घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी परत आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शाळेचा शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही.

१९०१ च्या सुमाराची एक गोष्ट बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. वडील तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायचं म्हणून भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून रेल्वेने निघाली. अंगावर नवे कपडे, मोठी हौस. मसूर स्टेशनावर उतरली, तर न्यायला कुणीच नाही. पत्र पोचलं होतं, पण नोकर ते वडिलांना द्यायला विसरला होता. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली आणि जात कळताच चेहरा बदलून पाच पावलं मागे सरला. एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार नव्हता. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही कसा, तर गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. वाटेत डबा सोडला, पण पाणी नव्हतं. पाण्याशिवाय घास उतरेना. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं, जात लपवून पाहिली, तरी पाणी मिळालं नाही. डबा तसाच ठेवून लेकरं उपाशी झोपली.

माझ्या वर्गात मी हा प्रसंग सांगते तेव्हा जवळपास प्रत्येक वर्षी एक फरक दिसतो. बरीच मुलं विचारतात की पुढे वडील भेटले का. पण ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात, जी लेकरं स्वतः बैलगाडीत बसून कारखान्याच्या वाटेला लागलेली आहेत, ती वेगळंच विचारतात. डबा खराब झाला का, बैलांना तरी पाणी पाजलं का? गोष्ट एकच असते, पण त्या लेकरांनी ती स्वतःच्या वाटेवर नेऊन ऐकलेली असते. उत्तरपत्रिकेत याला गुण नाहीत, हा भाग वेगळा.

तर असा दिवस काढून आलेला मुलगा रात्री घरी महाभारत वाचत होता. हे डोळ्यासमोर ठेवलं की पुढचं कळतं.

पुढे कुटुंब मुंबईला आलं. परळ भागातल्या चाळीत एकच खोली. त्यातच चूल, त्यातच सामान, त्यातच माणसं. भीमाचं नाव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातलं. तिथे त्याला संस्कृत घेऊ दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. घरात अभ्यासाला जागाच नाही, तर रामजीबाबांनी त्यावर तोड काढली. संध्याकाळी मुलाला लवकर झोपवायचं. स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचं. दोन वाजता मुलाला उठवायचं आणि त्याच्या जागेवर आपण आडवं व्हायचं. मग तो मुलगा दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचत बसे. पुस्तकांसाठी पैसे नसले तर रामजीबाबा लग्न झालेल्या लेकींकडे जात. धाकटीकडे पैसे असले तर तिच्याकडून उसने, नसले तर थोरलीचा एखादा दागिना मागून आणायचा, तो सावकाराकडे गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवून परत करायचा. 'पालकांचा सहभाग' या विषयावर आपण प्रशिक्षणात तासन् तास ऐकतो. मला तिथे दर वेळी तो गहाण टाकलेला दागिना आठवतो.

याच काळात आणखी एक शिक्षक या मुलाच्या आयुष्यात आले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर. विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक. मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे. शिवाजी महाराजांचं, तुकाराम महाराजांचं चरित्र त्यांनी लिहिलं. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच एक मुलगा रोज एकटा पुस्तकात डोकं घालून बसलेला त्यांना दिसला. त्यांनी चौकशी केली, मग त्याला वाचायला पुस्तकं देऊ लागले. तो मुलगा ना त्यांच्या शाळेतला, ना त्यांच्या वर्गातला. आपल्या पटावर नाव नसलेल्या मुलाची अशी विचारपूस करणं हे आपल्याकडून सहसा होत नाही, हे मान्य करायला हरकत नाही.

मग परीक्षेचा निकाल लागला. समाजातल्या लोकांना त्याचा आनंद साजरा करायचा होता. चरित्रकार ही गोष्ट १९०७ च्या मॅट्रिकनंतरची सांगतात. बाबासाहेबांनी मात्र स्वतःच्या आठवणीत ती इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरची म्हणून लिहिली आहे. परीक्षा कोणतीही धरा, लोकांना सत्कार करायचा होता आणि रामजीबाबांचा त्याला विरोध होता. पोराच्या डोक्यात हवा जाईल, एक परीक्षा पास झाला त्यात एवढं काय, असं त्यांचं म्हणणं. लोक केळुसकर गुरुजींकडे गेले. त्यांनी रामजीबाबांची समजूत घातली आणि सभा झाली. सभेत केळुसकर गुरुजींनी मुलाला एक पुस्तक बक्षीस दिलं. त्यांनी स्वतःच मराठीत लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र.

बक्षीस म्हणून मिळालेली पुस्तकं बहुतेक वेळा कपाटात जातात. गॅदरिंगला आपण जी वाटतो त्यातली किती उघडली जातात, हा आपल्यालाच विचारायचा प्रश्न आहे. या मुलाने ते वाचलं आणि वाचून सरळ वडिलांसमोर गेला.

त्याने विचारलं की ही बुद्धाची गोष्ट तुम्ही आम्हाला आजवर का वाचायला दिली नाही? रोज रामायण-महाभारतच का वाचून घेता? त्यांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची मानहानी पुन्हा पुन्हा येते, ते आम्ही का वाचायचं? वडिलांना आधी हा प्रश्न आवडला नाही. मग एकदा त्यांनी मन मोकळं केलं. ते म्हणाले ते साधारण असं : आपण अस्पृश्य समजले जातो, त्यामुळे तुझ्या मनात न्यूनगंड येणं साहजिक आहे. तो जावा म्हणून मी हे वाचून घेतो. द्रोण बघ, कर्ण बघ, लहान माणसं होती, पण किती उंचीवर पोचली. वाल्मीकी कोळी होता आणि त्याने रामायण रचलं.

इथे जरा थांबून बघा. वर्षानुवर्षं रोज रात्री एकाच पुस्तकासमोर बाप आणि लेक बसलेले आहेत. बापाने त्या पुस्तकात स्वतःचं आयुष्य वाचलं. खालून वर चढत सुभेदार झालेला माणूस तो. त्याला कर्ण दिसला, वाल्मीकी दिसला. कमी लेखलेला माणूसही मोठा होतो हे त्याला त्यात दिसलं आणि तेच त्याला मुलाला द्यायचं होतं. मुलानेही तेच पुस्तक वाचलं, पण तो गोणपाटावरून उठून आला होता. मसूरच्या वाटेवर तहानलेला झोपला होता. त्याला दिसलं ते वेगळं. त्याने वडिलांना सांगितलं की मला महाभारतातली ही थोर माणसं पटत नाहीत. भीष्म-द्रोण बोलतात एक आणि करतात दुसरं. कृष्णाची कपटाची रीत पटत नाही. रामाचं शूर्पणखेशी, वालीशी आणि सीतेशी वागणं पटत नाही. वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे त्याला कळत होतं, तसं बाबासाहेबांनी नोंदवलंही आहे. तरी समाधान झालं नाही.

रामजीबाबा गप्प राहिले. मुलाच्या मनात बंड उभं राहिलं आहे हे त्यांनी ओळखलं.

मला या सगळ्यात ती गप्प बसण्याची जागा सगळ्यात मोठी वाटते. ते धार्मिक गृहस्थ होते, शिस्तीचे लष्करी माणूस होते. एक फटका मारून विषय संपवणं त्या काळात कुणालाच वावगं वाटलं नसतं. त्यांनी पुस्तक हिसकावलं नाही. पहाटे दोनला उठवणं चालूच राहिलं. आपण दोघांपैकी कुणाचं वाचन बरोबर, असं विचारायच्या फंदात पडू नये. कुणाला राम-कृष्ण पूज्य असतील, ती त्यांची श्रद्धा. माझा मुद्दा एवढाच की दोघांनीही पुस्तक आपल्या अंगावरून गेलेल्या दिवसांनी वाचलं आणि दोघेही प्रामाणिक होते.

पुढचं शिक्षण आपल्याला माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. इंटरनंतर पैशांची अडचण आली तेव्हा केळुसकर गुरुजीच भीमरावांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ मध्ये बी.ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजीबाबा गेले. त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथे हॉटेलातला खर्च वाचवून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. ती एका परिचिताच्या हवाली केली, त्यातली बरीच पुढे हाती आलीच नाहीत. लंडनहून १९१७ मध्ये परतताना सामान आणि पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती. पहिल्या महायुद्धाचे दिवस. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली.

पुस्तकं समुद्रात गेली आणि हे शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला गेले. परदेशातून इतकं शिकून आलेल्या माणसाला गावात राहायला खोली कुणी देईना. शेवटी नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावर एकटेच. मोठं दालन, त्यात अडगळ भरलेली, वीज नाही, एक छोटा कंदील. त्या अंधारकोठडीत बोलायला माणूस नव्हतं म्हणून त्यांनी पुस्तकांची सोबत धरली आणि वाचत राहिले. वाचता वाचता एकटेपणाचा विसर पडायचा. पण दालनात वटवाघळं होती. ती फडफडली, चिरकली की अंगावर काटा यायचा आणि जे विसरायला बसलो तेच पुन्हा आठवायचं, असं त्यांनी लिहिलं आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना तिथूनही बाहेर पडावं लागलं.

पुस्तक वाचल्याने दुःख हलकं होतं, असं आपण मुलांना फार सहज सांगतो. बाबासाहेबांनी ते खरं किती आणि कुठपर्यंत, दोन्ही लिहून ठेवलं. कंदिलाच्या उजेडापुरतं ते खरं होतं. म्हणून तर हा प्रसंग सातवी-आठवीच्या मुलांना वाचून दाखवावा असं मला वाटतं.

या माणसाने पुस्तकांतून काय उचललं ते त्यांच्या स्वतःच्या कामातही दिसतं. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, त्याच्या माथ्यावर तुकोबांचा अभंग. १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. घरात ऐकलेली संतांची वाणी त्यांनी सोडली नव्हती. १९४६ च्या शूद्रांवरच्या ग्रंथाची अर्पणपत्रिका जोतीराव फुल्यांच्या नावाने आहे. १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथाची नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या नावाने. बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू, असं ते सांगत. त्यातले कबीर रामजीबाबांच्या घरातून आलेले, बुद्ध केळुसकर गुरुजींच्या हातून.

आपल्या मराठवाड्यापर्यंतही ही गोष्ट पोचते. निजामाच्या राज्यात आपल्याकडे उच्च शिक्षणाची काय अवस्था होती ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कॉलेजला जायचं म्हणजे हैदराबाद गाठायचं किंवा लांब कुठेतरी. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढलं. आपल्या मानवत रोड स्टेशनावरून जी रेल्वे परतूर, जालना करत जाते, त्याच वाटेवरचं गाव. त्या रेल्वेने आपल्या भागातली किती मुलं तिथे शिकायला गेली असतील! या कॉलेजला त्यांनी नाव दिलं मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. ही दोन्ही नावं एका पुस्तकातून आली आहेत. 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद नागसेन नावाच्या भिक्खूला एकामागून एक प्रश्न विचारतो आणि उत्तर पटलं की राजा असूनही तसं कबूल करतो. बाबासाहेबांना मिलिंदाचा हाच गुण मोठा वाटला. शिकणाऱ्याने प्रश्न विचारायचे आणि मोठ्या माणसानेही पटलं तर मान्य करायचं. चाळीतल्या त्या एका खोलीत हेच तर घडलं होतं, फक्त तिथे गप्प बसलेला बाप होता.

शेवटची वर्षं बाबासाहेब आजारी होते. मधुमेह, पायांचं दुखणं, नजर अधू झालेली. त्यातच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ इंग्रजीत लिहून काढत होते. १९५६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी त्याची प्रस्तावना लिहिली. आपण बुद्धाकडे कसे वळलो, असं लोक विचारतात म्हणून ते त्यात सांगतात. आणि काय सांगतात? रोज रात्रीचं ते वाचन, सत्काराला वडिलांचा विरोध, दादा केळुसकरांनी घातलेली समजूत, बक्षीस मिळालेलं पुस्तक, बापलेकाचा तो वाद. आपल्याला ही हकीकत माहीत आहे ती या पानांमुळे. पासष्टीच्या घरातला, जगभरची ग्रंथालयं पालथी घातलेला माणूस आपल्या विचाराचा उगम सांगायला बसतो आणि एका शाळामास्तराचं नाव घेतो. केळुसकर गुरुजी तेव्हा हयात नव्हते. १९३४ मध्येच ते गेले होते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढे दोन महिनेही गेले नाहीत. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीच्या घरी ते कबीराचं एक पद गुणगुणत होते, असं त्यांच्याजवळच्या माणसांनी सांगितलं आहे. झोपण्याआधी त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेचे टाइप केलेले कागद मागवले आणि उशाशी ठेवून घेतले. रात्री नजर फिरवायची होती. सकाळी ते उठले नाहीत.

ग्रंथ १९५७ मध्ये छापून आला. केळुसकर गुरुजींचं नाव असलेली ती प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत नव्हती. ती लोकांसमोर यायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.